छताचा डाग आणि माझी अंघोळ

धाकटे, तुला आणि तुझ्या घरादाराला मोठीचे भरभरून आशीर्वाद. कंबर कशी आहे? तुझ्या यजमानांचा खोकला गेला, की तुला बोलू न देण्यासाठी अजून जपून ठेवलाय? माझे गुडघे तसेच. सकाळी कढत पाणी अंगावर घेतलं की मगच ते उठायला कबूल होतात, तुला ठाऊकच आहे. तर त्या कढत पाण्यावरच इथं गदा आलीय.

झालं असं, की बाथरूमच्या छतात वाफ ओढणारा पंखा आहे ना, त्याच्या कडेनं पिवळट डाग पडला. आधी बशीएवढा होता, बघता बघता ताटाएवढा झाला. घरच्यांना (म्हणजे मुलगा, सून आणि त्यांचे दोन मोबाइल) वाटलं, वरून गळतंय. पण आमच्या वर आहे कोण? पोटमाळा आणि पत्रे. नळवाल्याला बोलावलं. त्यानं डागाला बोट लावलं, बोट हुंगलं (का, ते त्यालाच माहीत) आणि छप्पर गळतंय म्हणाला. मी म्हटलं, अरे बाबा, पाऊस कुठाय? आभाळ ठणठणीत कोरडं आहे. तर म्हणे, "आजी, जुनं पाणी असतं, सावकाश उतरतं." पाण्याला काय गुडघे असतात सावकाश उतरायला?

मग पंखेवाला आला. त्यानं वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, हे पाणी पावसाचं नाही, आजींच्या अंघोळीचं आहे. वाफ वर जाते, गार होते आणि परत खाली येते. आता तूच सांग, मी पाणी अंगावर ओतते, ते मोरीतून जाताना माझ्या डोळ्यांनी बघते, मग ते छतावर चढलं कधी? बरं, पंखा लावला तर त्याच्या कडेनं थेंब टपकतात, नाही लावला तर भिंती घामाघूम होतात. माझं डोकंच चालेना. सुनेचं मात्र लगेच चाललं. "आई, थोडे दिवस कोमट पाण्यावर उरका ना!" कोमट! कोमट पाण्यानं तेलकट वाटीसुद्धा निघत नाही. ती स्वतः आत गाणी लावून तासभर उभी असते, पण तिची वाफ शिकलेली, ती दारानं जात असणार.

तरी घरासाठी मी कोमटावर आले. गुडघे असे आखडले की स्टुलावरून मला मुलानं ओढून उठवलं (टॉवेल होता, काळजी करू नकोस). आणि डाग? आणखी वाढला! मी विचारलं, आता ही कुणाची वाफ? तर मुलगा म्हणतो, "आई, ती तुझी आधीचीच असेल." म्हणजे नळवाल्याचं पाणी जुनं, माझी वाफ जुनी, या घरात जे जुनं तेच गळतं. मग मात्र मी सगळ्यांदेखत सांगितलं, जिथं मला कढत पाणी मिळेल तिथं मी चालले. बॅग भरून दाराशी ठेवलीय. महिनाअखेरीस तुझ्याकडे येते. बंब असो की पातेलं, पाणी चटका बसेल असं हवं.

पोराबाळांना आशीर्वाद सांग.
तुझी मोठी

ता. क. पत्र पाकिटात घालतच होते, तेवढ्यात मुलगा पोटमाळ्यावर चढला आणि डोक्यावर जळमटं घेऊन उतरला. पंख्याची वाफ छपराबाहेर नेणारा पाईप निखळून पडला होता. सगळ्यांचीच वाफ पोटमाळ्यात साचून खाली ठिबकत होती. (म्हणजे नळवाला खरा की पंखेवाला, हे मला अजून कळलेलं नाही.) पाईप बसवला. सून म्हणाली, "आई, हवं तेवढं कढत घ्या." घेतलं. गुडघे उठले.

ता. क. आणखी एक. बॅग मात्र अजून दाराशीच आहे. कुणी "राहा" म्हणत नाही, कढत पाणी मिळूनही बॅग हलली नाही म्हणून मी तुझ्या ओढीनं चाललेय असं वाटतंय त्यांना. आपणहून उघडली तर जन्मभर ऐकवतील. तेव्हा तू मुलाला फोन करून सांग, तुझ्याकडे जागा नाही. (मी फोनवर बोलले तर अख्खं घर ऐकतं, म्हणून लिहितेय.) जरा तोडूनच बोल, म्हणजे मला तुझ्यावर रुसून इथं राहता येईल. पण खरोखरच जागा नसेल तर तसं आधी मला कळव. मग मी येतेच, सख्ख्या बहिणीला जागा नाही म्हणजे काय!