अळूखालचं देवगांडूळ

बाबा, गोडदेवची आपली चाळ पाडतायत. मागचा तुमचा अळूचा वाफाही जाणार. गेल्या रविवारी मी तिथे उकिडवा बसून हातांनीच माती उपसत होतो, फावडं लावायची भीती वाटत होती. तुम्ही असतात तर आधी ओरडला असतात, "हात ओले कर! कातडीतून श्वास घेतं ते, कोरड्या हातानं धरू नकोस."

इथली माती खारट, म्हणून तुम्ही दर मे महिन्यात गावाहून पोतंभर माती आणायचात. "लोक आंबे आणतात, हे माती आणतायत," आई म्हणायची. अशाच एका पोत्यातून ते आलं. साप साप म्हणून आईनं सगळी चाळ गोळा केली. शेजारचे काका मिठाची पिशवी घेऊन धावत आले, "मास्टरजी, नमक डालो, अभी मर जायेगा." वर्गातही कधी आवाज न चढवणारे तुम्ही त्यांच्या अंगावर धावून गेलात. मग आम्हाला जवळ बसवून सांगितलंत, हा साप नाही, बेडकाच्या कुळातलं देवगांडूळ आहे. डोळे कातडीखाली, जवळजवळ आंधळं. तोंडाजवळच्या इवल्याशा मिशीनं चाचपत गांडुळं, वाळवी शोधून खातं. भुसभुशीत ओली माती, सावली आणि कुजका पाला, एवढंच त्याला लागतं. त्या दिवसापासून मोरीचं साबणाचं पाणी वाफ्यात सोडायला बंदी झाली. "यालाही इथलं पाणी मानवत नाही," तुम्ही म्हणायचात आणि आम्ही हसायचो. "मला शेवटी गावी न्या रे," हेही आम्हाला त्याच गमतीतलं वाटायचं.

सापडलं, बाबा. तेच, की नंतरच्या एखाद्या पोत्यातून आलेलं दुसरं, कोण जाणे. डब्यात ओला पाला घालून एसटीनं गावी घेऊन गेलो. फणसाखाली अलगद ठेवलं. जरा वेळ थांबलं, डोकं मातीत खुपसलं आणि गेलं. मला रडूच कोसळलं. ज्याची माती त्याला मिळाली, इतकं साधं होतं ते, आणि तुमच्यासाठी आम्हाला तेवढंही जमलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र आईलाही सांगितलेली नाही. तुमच्या अस्थी खाडीत सोडल्या तेव्हा मी मूठभर मागे ठेवल्या होत्या, गावच्या मातीत घालायला. त्या दिवशी त्याही माझ्या पिशवीत होत्या. खड्डाही खणला होता. पण हात पुढे होईना. तुम्हाला तिथे ठेवून एकट्यानं परत यायचं माझ्या जिवावर आलं.

तुम्ही अजून इथेच आहात, बाबा. माझ्या कपाटात.