राखून ठेवलेलं नाव

११ फेब्रुवारी १९८४, शनिवार

मी तिला भलतंच नाव दिलं. इथे लिहून टाकते, म्हणजे निदान या वहीशी तरी खोटं बोलायला नको.

परवा दुपारी मुलगी झाली. तीन महिने आधी! पावणेदोन पौंड. माझ्या नवऱ्याचा, एमेटचा, पंजा तिच्याहून मोठा. डॉक्टर म्हणाले, "आम्ही सगळं करतोय, पण फार आशा..." आणि पुढचं वाक्य गिळलं. तासाभरात फादर आले. बाप्तिस्मा लगेच उरकायला हवा होता. मला चाकाच्या खुर्चीतून नेलं. काचेच्या पेटीत ती – लालभडक, सोलल्यासारखी. तोंडात नळी. छाती भराभर वरखाली होत होती, तीसुद्धा यंत्राने.

"नाव काय ठेवायचं?" फादर म्हणाले.

होनोरा. लग्नाआधीपासून ठरलेलं. माझ्या आईचं नाव. ती गेली तेव्हा मी अकरा वर्षांची. शेवटी शेवटी म्हणायची, "बर्नी, तुला मुलगी झाली तर माझंच नाव ठेव गं. नाहीतर माझं नाव काढणार कोण?" एमेटला ठाऊक, त्याच्या आईला ठाऊक, सगळ्या गावाला ठाऊक.

तोंड उघडलं आणि मनात आलं – हे नाव हिच्याबरोबर मातीत जाणार. आई पुन्हा एकदा जाणार. पुढच्या मुलीसाठी काही उरणार नाही. पुढच्या! ही समोर श्वास घेत असताना मी पुढचीचा विचार केला.

पेटीच्या पलीकडे नर्स उभी होती. छातीवर नावाची पट्टी. मी ती वाचली.

"जोन," म्हणाले.

एमेटने माझ्याकडे पाहिलं. फादरांनी बोट बुडवून एक थेंब तिच्या कपाळाला लावला. झालं.

१२ फेब्रुवारी

जिवंत आहे.

१४ फेब्रुवारी

मला सुट्टी दिली. हॉस्पिटलपासून दोन गल्ल्यांवर एका बाईंकडे खोली घेतलीय. घर साडेतीन तासांवर, त्यात बर्फ. बाई चांगल्या आहेत, वाटाण्याचं सूप आणून ठेवतात आणि काही विचारत नाहीत.

एमेट पाच दिवस माझ्याशी धड बोलला नव्हता. आज जिन्यात थांबला.

"मला एकच सांग. नाव का बदललंस?"

"सुचलं तसं."

"खोटं बोलू नकोस बर्नी. ही मरणार असं तू धरूनच चालली होतीस. चांगलं नाव कशाला फुकट घालवावं, असंच ना?"

मी गप्प. गप्प राहणं म्हणजे हो म्हणणंच की.

तो म्हणाला, "आपण जुना शर्ट घालतो ना, घाण कामाला जाताना? तसं नाव दिलंस तू पोरीला."

इतकं लागेल असं एमेट कधी बोलत नाही. मग स्वतःच रडायला लागला, जिन्याच्या कठड्याला धरून. मी हात लावायला गेले तर बाजूला झाला. वर आलो, दोघांनी कोपरापर्यंत हात धुतले, पिवळे डगले चढवले आणि पेटीच्या दोन बाजूंना दोघं बसलो.

१६ फेब्रुवारी

एमेट गावी गेला. मासळीच्या कारखान्यात त्याची पाळी आहे. रविवारी येतो म्हणाला. जाताना मला टोपी नीट घालायला सांगितलं. तेवढंच.

१८ फेब्रुवारी

सासूबाईंचा फोन.

"जोन! आपल्या घराण्यात सात पिढ्यांत जोन नाही. कोणाची आहे ही जोन?"

"आवडलं मला."

"नाव ठेवायला गेलीस पोरी, आणि नावं ठेवून घेतलीस. दुकानात सगळ्या मला विचारतायत, होनोराला काय झालं म्हणून. मी काय सांगू?"

"सांगा, बर्नडेटला विचारा."

मग त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "जेवतेस का गं?" मी फोन ठेवला.

रोज वाटतं, उद्या सांगावं – चूक झाली, नाव बदला. मग वाटतं, आज बदललं आणि उद्या काही झालं तर? म्हणजे मी अजूनही तिथेच आहे. अजूनही नाव वाचवतेय! इतकी हिशेबी बाई मी कधी झाले?

तिला हाक मारायची वेळ आली की मी नुसतं "बाळा" म्हणते.

२१ फेब्रुवारी

वजन दोन औंसांनी कमी झालं. असं होतंच म्हणे सुरुवातीला.

२६ फेब्रुवारी, रविवार

एमेट येऊन गेला. बहिणीने विणलेले मोजे आणले. माझ्या अंगठ्याला बसतील एवढे, तरी तिला मोठेच. हसलो दोघं. किती दिवसांनी!

तो गेल्यावर नर्स जोनबाई आल्या. पन्नाशीच्या, रुंद खांद्यांच्या, आवाज गोदीतल्या माणसासारखा. नळी साफ करता करता म्हणाल्या, "एक विचारू? माझं नाव का दिलंत?"

"तुम्ही तिची एवढी काळजी घेत होता म्हणून—"

"माझी ड्यूटी तेव्हा दहा मिनिटांपूर्वी सुरू झाली होती. मी तुमच्या पोरीला हातही लावला नव्हता."

मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं. आईचं, पुढच्या मुलीचं, सगळं. त्यांनी काम थांबवलं नाही.

"मला वाटलंच होतं. हे करणारी तू काही पहिली नाहीस. एकीने तर नावच ठेवायला नकार दिला, सोळा दिवस. पण पोरी, माझाही थोडा विचार करायचास! रोज कामावर आले की मी कोट काढते आणि आधी या पेटीवरची चिठ्ठी बघते. माझंच नाव. एखाद्या दिवशी आले आणि चिठ्ठी नसली तर? तेवीस वर्षं झाली मला या कामात. कुठलंही मूल मी मनात घेऊन घरी नेत नाही. हिला न्यावं लागतं."

"माफ करा," मी म्हणाले.

"माफी नको. तिला हाक मार. माझा आवाज ऐकला की ती पाय ताणते. तुझाही ओळखेल. पण नुसतं बाळा-बाळा काय करतेस? इथे नऊ बाळं आहेत."

त्या गेल्यावर मी इकडेतिकडे पाहिलं. पेटीच्या गोल खिडकीशी तोंड नेलं. म्हणाले, "जोन."

काही झालं नाही. पण मी पुन्हा म्हणाले.

४ मार्च, रविवार

आज मांडीवर दिली! नळ्यांसकट, वीस मिनिटं. छातीशी उघडी धरली. वजनच लागेना – ऊन पडावं अंगावर तशी. केसांना लोण्यासारखा वास. एमेट वाकून बघत राहिला, बोट पुढे केलं, तिने धरलं. त्याचं ते मोठं, माशांच्या काट्यांनी चिरलेलं बोट!

मी म्हणाले, "जोन, हा तुझा बाबा."

एमेटने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

९ मार्च

दोन पौंड सहा औंस! यंत्र कमी केलंय. पुढच्या आठवड्यात नळी काढून बघू म्हणतात डॉक्टर. म्हणजे मला तिचा आवाज ऐकू येईल. नळी असते तोवर रडली तरी आवाज फुटत नाही. तोंड वाकडं होतं, डोळ्यांत पाणी येतं – आवाज नाही.

आज दिवसभर नावाचाच विचार. मोठी झाल्यावर विचारेल, "माझं नाव जोन का?" काय सांगू? तू मरशील असं वाटलं म्हणून? सांगायला तर लागेल. सासूबाई नाही सांगणार, पण गाव सांगेल. मुलीला आपल्या आईबद्दल असं काही कळावं का?

बदलावं तरी कसं? होनोरा म्हटलं की मला आई दिसते – पीठ लागलेले हात, खोकला. जोन म्हटलं की ही दिसते. चुकीचं नाव होतं ते. आता तिच्याशिवाय कुणाचंच वाटत नाही.

घरी नेऊ तेव्हा एमेटशी बोलेन.

१३ मार्च

तिचं पोट फुगलंय. दूध बंद केलं. जोनबाई म्हणाल्या, "बघू." त्या कधी "बघू" म्हणत नाहीत.

१४ मार्च

आतड्यांना संसर्ग. डॉक्टरांनी मला खोलीत बसवून सांगितलं, स्वतःही बसले. उभ्या-उभ्या सांगतात तेव्हा बरं असतं, एवढं कळलंय मला आता. कारखान्यात फोन केला. पलीकडे यंत्रांचा आवाज, मग एमेट. "निघालो," म्हणाला.

१६ मार्च

काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी गेली.

रात्रभर बर्फाने रस्ता बंद, एमेट बाराला पोचला. भुवयांवर बर्फ, पायात कारखान्याचे रबरी बूट तसेच. हात धुवायला लागला तर जोनबाई म्हणाल्या, "राहू दे आता, ये लवकर." तेव्हा मला समजलं.

सगळ्या नळ्या काढून तिला माझ्याकडे दिलं. तिचं अख्खं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं. हनुवटी एमेटची. वरचा ओठ आईचा, माझ्या आईचा. तो नळीखाली लपला होता इतके दिवस.

आवाज आला तिचा. रडणं नाही, मांजराचं पिल्लू कुरकुरतं तेवढा. दोनदा.

एमेट गुडघ्यावर बसला. मला वाटलं, आता तो होनोरा म्हणेल. म्हणावं, असंही वाटलं. तो म्हणाला, "जोन. ए जोन. बाबा आलाय गं. रस्ता लई खराब होता, म्हणून उशीर झाला."

तेच तेच सांगत राहिला. रस्ता खराब होता. रस्ता खराब होता.

जोनबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. नंतर त्यांनीच पेटीवरची चिठ्ठी सोडवली आणि खिशात घातली. मी मागितली नाही.

१७ मार्च, शनिवार

पुरलं. सेंट पॅट्रिकचा दिवस, हॉलमधला सणाचा नाच गावाने रद्द केला. जमीन गोठलेली, एमेटने आणि त्याच्या भावाने काल सबंध दिवस कुदळ मारली. पेटी त्याने स्वतः केली. बुटाच्या खोक्याहून थोडी मोठी. माझ्या आईच्या शेजारी जागा होती.

फादरांनी विचारलं, "क्रुसावर काय लिहायचं?"

मी एमेटकडे पाहिलं. तो माझ्याकडे. "जोन," मी म्हणाले. या वेळी कुणाची पट्टी वाचून नाही.

सासूबाई माझा हात धरून उभ्या होत्या. अख्खा वेळ. परत येताना फक्त म्हणाल्या, "पायाखाली बघ. निसरडं आहे."

२३ मार्च

दूध थांबत नाही. कुणी सांगितलं होतं का याला, की आता नको म्हणून!

२ एप्रिल

पाव भाजले. सहा. दोघांना सहा पाव कशाला? एक सासूबाईंना दिला, दोन शेजारी. दुकानात एकजण म्हणाली, "तरुण आहेस, अजून होतील. आणि बघ, होनोरा नाव तसंच आहे अजून शिल्लक!" चांगल्या मनानेच म्हणाली. मी घरी येऊन ओकले.

शिल्लक. हेच हवं होतं ना मला? मिळालं.

पुढे मुलगी झालीच, तर तिला हे नाव मी कुठल्या तोंडाने देऊ? बहिणीला नाकारलेलं नाव! आईची मी मुलगी, आणि माझ्या मुलीला आजीचं नाव मिळू दिलं नाही मीच. आता ते कुणालाच द्यायचं नाही. राहू दे तसंच.

एमेटला हे सांगितलं. तो काहीतरी बोलणार होता. मग उठून लाकडं आणायला गेला.

११ एप्रिल

टपाल आलं. सरकारी पाकीट – जन्माचा दाखला. मेल्यानंतर जन्माचा दाखला! ठेवूनच देणार होते, पण उघडला.

होनोरा जोन. नोंदणी १५ फेब्रुवारी. खाली एमेटची सही.

जिन्यात भांडलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख.

तो कामावरून आला. टेबलावर कागद पाहिला, टोपीसुद्धा काढली नाही.

"ती घरी आली की सांगणार होतो," म्हणाला. "मग सांगवेना."

मी विचारलं, "तू तिला कधी त्या नावाने हाक मारलीस?"

"एकदा. तू हात धुवायला गेली होतीस तेव्हा."

"मग?"

"झोपली होती गं."