डावीकडची खुर्ची

प्रिय शेंडेफळ,

चार दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. मेसेजला नुसता अंगठा दाखवतेस आणि तेवढ्यावर भागवतेस. म्हणून शेवटी कागद घेतला. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचून काढणारी तू, दादाचं पत्र बाजूला ठेवणार नाहीस एवढा भरवसा आहे. इकडे ठीक. आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे ती जिना चढते आणि वर पोचल्यावर, चढू का दिलंस म्हणून मलाच बोल लावते. वहिनीच्या शाळेतल्या मुली रिले शर्यतीत दुसऱ्या आल्या. हातातला दांडा पडला नसता तर पहिल्या आल्या असत्या, हे ती आठवडाभर भिंतींनाही सांगते आहे.

मी थोरला आहे, हे आपल्या घरात मला कधी विसरू दिलं नाही आणि तुला तर नाहीच नाही. नवं दप्तर मला, उतरलेलं तुला. तुझ्या पुस्तकांवर माझं नाव खोडून तुझं लिहिलेलं असायचं. माझ्यामागून तूही वैमानिक झालीस तेव्हा काका म्हणाले होते, हिने दादाचा धंदाही उतरलेलाच घेतला. सगळे हसले. तू हसली होतीस का, ते आठवून पाहतो, पण आठवत नाही. कंपनीतही तीच तऱ्हा. क्रू ऑफिसच्या दाराशेजारी ज्येष्ठता यादी लागायची. आधी रुजू झालेला वर, आणि जो वर तो आधी कॅप्टन. बारा वर्षं कोपायलट म्हणून उजव्या खुर्चीत बसून मी त्या यादीत चढत आलो. एकेचाळीस, सत्तावीस, नऊ, एक. तू माझ्यानंतर चार वर्षांनी आलीस आणि आठव्या नंबरावर होतीस. मग नियम बदलला. जागा तीन, यादीतल्या पहिल्या दहाजणांची परीक्षा, सोबत कॅप्टनांनी मारलेले शेरे, आणि ज्याचं काम सरस तो कॅप्टन.

युनियनच्या बैठकीत मी किती तावातावाने बोललो होतो, तू मागच्या रांगेत बसून ऐकलंस. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कुणापुढे वाकावं लागत नाही, असं मी म्हणालो. कोपायलटची बढती कॅप्टनच्या शेऱ्यावर ठरायला लागली, तर चुकणाऱ्या कॅप्टनला ‘साहेब, चुकताय’ असं सांगणार कोण? टाळ्या पडल्या. ते म्हणणं मला आजही खोटं वाटत नाही. पण त्याच महिन्यात दाट धुक्यात उतरायला निघालेल्या कॅप्टनला तू, धावपट्टी दिसत नाही, विमान वर घ्या, असं दोनदा बजावलंस. त्यांनी विमान वर घेतलं आणि तुझ्या कागदावर ‘उद्धट’ असा शेरा मारला. परीक्षेला तू बसलीस ती तो शेरा घेऊन, आणि मी बसलो बारा वर्षांच्या कोऱ्या, स्वच्छ कागदांवर. कुठल्याही कॅप्टनला माझा कधी राग आला नव्हता, हे मी चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगायचो.

निकालात तुझं नाव होतं, माझं नव्हतं. घरी येऊन मी बूटही न काढता म्हणालो, आधीच ठरलेलं होतं सगळं. वहिनीने पाणी दिलं. आईने मात्र ते वाक्य उचललं. ऑफिसातही तेच पसरलं, आणि मी पसरू दिलं. लोक खांद्यावर हात ठेवून, तुमच्यावर अन्याय झाला म्हणायचे आणि मी मान खाली घालायचो. त्यात एक सुख असतं गं. लाज वाटावी असं सुख, पण असतं.

त्या दिवशी काय झालं ते तुला कुणीच सांगितलेलं नाही, कारण परीक्षक तोंड उघडत नाहीत आणि मी उघडलं नाही. सिम्युलेटरमध्ये मला कॅप्टनच्या, डावीकडच्या खुर्चीत बसवलं. सुरुवात झकास झाली. मग केबिनमध्ये धूर असल्याचा निरोप आला. जवळ एक धावपट्टी होती, पण आखूड. लांबची ओळखीची होती, पण वीस मिनिटांवर. दोन्हींची माहिती मला तोंडपाठ होती. मी मान वळवून डावीकडे पाहिलं. बारा वर्षं असं काही झालं की मी डावीकडेच पाहत आलो आहे, कारण तिथे कॅप्टन असतो, तो ठरवतो आणि मी चोख करतो. डावीकडे खिडकी होती. मी त्या खिडकीकडे किती वेळ पाहत होतो माहीत आहे? एकोणीस सेकंद. उजवीकडचा कोपायलट शेवटी म्हणाला, जवळ उतरू या का, आणि मी म्हणालो, हो हो, चला. म्हणजे विमान त्याने उतरवलं, हात फक्त माझे होते.

बाहेर आल्यावर परीक्षकांनी चहा मागवला. आपण सगळे त्यांना छडीमास्तर म्हणतो, पण त्या दिवशी त्यांचा आवाज फार हळू होता. “तुमचे हात कॅप्टनचे आहेत,” ते म्हणाले. “नजर अजून कोपायलटची आहे. ती बदलता येते. सहा महिन्यांनी परत या.” हे वाक्य मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तोच धूर तुलाही दिला होता, हे त्या कोपायलटकडून कळलं. तू आधी त्याचं मत विचारलंस, ऐकून घेतलंस, आणि मग निर्णय तुझ्या तोंडून आला. तो सांगत होता आणि मी ऐकत होतो. पोटात दुखलं, नाही म्हणत नाही. पण खालून कुठून तरी आनंदही वर येत होता.

आता माझी तयारी चालू आहे. जेवणाच्या टेबलाशी दोन खुर्च्या, मी डावीकडच्या, आणि वहिनी भाजी निवडता निवडता मध्येच ‘धूर!’ म्हणते. शाळेचं स्टॉपवॉच तिच्या गळ्यातच असतं. परवा मी सहा सेकंदांत निर्णय दिला तर म्हणाली, माझ्या सातवीतल्या मुली याहून लवकर ठरवतात. छडीमास्तर परवडले. पण काल चारवर आलो.

आणि परवाच सकाळी, लसूण सोलता सोलता आईने सहज सांगितलं की तिने तुला फोन केला होता. दादाचं होईपर्यंत थांब, थोरल्याच्या आधी बरं दिसत नाही, असं ती म्हणाली आणि तू बरं म्हणालीस. तू फोन का उचलत नाहीस ते मला तेव्हा कळलं. मी तिच्यासमोर बसलो आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, सेकंदांसकट. तिने हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. मग म्हणाली, “मग मला आधी का नाही सांगितलंस? मी त्या पोरीला उगीच अडवलं.”

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच. तुझा होकार कंपनीला शनिवारपर्यंत पोचायला हवा, आणि तू नकार लिहून ठेवला आहेस असं मला वाटतं. तो फाड. युनियन माझ्या नावाने तक्रार करणार होती. मी चिटणिसांना खरं काय घडलं ते लिहून दिलं आहे, प्रत सोबत जोडतो. आईलाही वाचून दाखवली, ती म्हणाली अक्षर बरं आहे. माझ्यावर उपकार म्हणून थांबू नकोस. तुझी उतरलेली जागा मला नको आहे, माझी मी मिळवीन. आणखी एक. ड्युटी लावणाऱ्या बाईंकडे मी अर्ज दिला आहे की तुझ्या पहिल्या उड्डाणाला कोपायलट म्हणून मला लावा. धाकट्या बहिणीच्या हाताखाली चालेल ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा लगेच हो म्हणालो. कॉकपिटमध्ये मला दादा म्हणायचं नाही, मी कॅप्टन म्हणेन. आणि तू चुकतेस असं वाटलं तर सांगेन, अगदी स्पष्ट सांगेन. मग मार उद्धट म्हणून शेरा.

तुझाच,
दादा