अंड्यात न घातलेला नमुना

३ मार्च
प्रयोगशाळेतला जुना फ्रीझर बंद करणार! साहेब म्हणाले, "मॅडम, निवृत्तीआधी तुमचा पसारा तुम्हीच आवरा." नमुन्यांच्या आठशे कुप्या. फ्लूच्या प्रत्येक साथीची एक तरी. नष्ट करण्याआधी प्रत्येकीची जनुकीय तपासणी करून ठेवायची, असा नवा नियम.
तळाच्या खणात आईची कुपी आहे. अठरा वर्षं झाली.

४ मार्च
तिच्या घशातला नमुना मीच घेतला होता. "एवढी अंडी फोडतेस, घरी एक ऑम्लेट तरी करून घाल," म्हणाली — अंगात एकशे तीन ताप! पाचव्या दिवशी गेली.
बाकीच्यांचे विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवले. तिचा नाही. हातच धजावला नाही. नमुना तसाच गोठवला.

५ मार्च
अंधाऱ्या खोलीत अंडी दिव्यावर धरून तपासत होते. मागे आई खोकली. वळले नाही. कुणी नसतं, ठाऊक आहे.
दादा तेव्हा प्रवासातून खोकतच घरी आला होता. आईला पोहोचवून आल्यावर मी सगळ्यांदेखत त्याला म्हणाले — तूच आणलंस हे घरात! तो उठून आईच्या खोलीत दिवा लावायला गेला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मीच केलं.

९ मार्च
कुपी तपासणीला दिली. तंत्रज्ञ मुलीने आडनाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि नोंदीत फक्त कुपीचा क्रमांक लिहिला. शहाणी आहे.

१२ मार्च
निकाल तीनदा वाचला.
विषाणू अंड्यात वाढवला की त्यात एक ठरावीक बदल होतो. बाहेरून आलेल्या फ्लूत तो सहसा नसतो. आईच्या विषाणूत आहे — तो तर मी अंड्यात घातलाच नव्हता! आणि तेव्हा मी अंड्यांत वाढवत होते त्या स्ट्रेनशी, विषाणूच्या त्या वाणाशी, तो तंतोतंत जुळतो.
चष्म्यावर वाफ धरायची म्हणून मी मास्क नाकाखाली ओढायचे. एक अंडं हातात फुटलं होतं. मग दोन दिवस कणकण. गोळी घेतली, आईशेजारी बसून जेवले, कुणाला सांगितलं नाही — सुट्टी घ्यायची नव्हती!
दादा नव्हे, मी. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, तीही अठरा वर्षं. लाज वाटते. फार लाज वाटते.

१५ मार्च
दादाला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माहीत होतं गं, चिमे. तुझी कणकण आईने तेव्हाच ओळखली होती. मला म्हणाली — तिला कळू देऊ नकोस, काम सोडेल ती."