चार टायर आणि एकोणतीस अनारसे

मु. पो. वालूर, ता. सेलू
अधिक महिना, संपत आलेला

श्रीमंत दिनकरराव साडूभाऊ, मुक्काम ताडकळस, यांस वालूरच्या बजरंगाचा वाकून नमस्कार.

तुम्ही वयानं मोठे आणि तुमचं खताचं दुकान त्याहून मोठं, म्हणून नमस्कार वाकून केला आहे. अक्कांचे गुडघे कसे आहेत? तुमची शुगर अजून तुमचं ऐकत नाही की तुम्हीच तिचं ऐकत नाही? पेरणीच्या तोंडावर दुकानात पाय ठेवायला जागा नसेल, तरी हे पत्र उभ्यानं वाचू नका, पोत्यावर टेकून वाचा. इकडे सगळे ठणठणीत आहेत. आमच्या मातोश्री कडूबाई दोन वेळा जेवतात आणि तीन वेळा रागावतात, म्हणजे तब्येत उत्तम आहे. तुमची मेव्हणी राजेश्री तर सध्या स्वयंपाकघरात गुणगुणत असते. तिचा आवाज मी पंचवीस वर्षांत फक्त बोलताना ऐकला होता, त्यामुळे पहिल्या दिवशी मला वाटलं कुकर बिघडला.

खिशात फोन असताना हा माणूस पत्र का लिहायलाय, असं तुम्ही म्हणाल. तर आमच्या आखाड्यावर मोबाईलची रेंज फक्त लिंबाच्या पारावर येते (शेतातल्या घराला आपण आखाडा म्हणतो हे आमच्या जावयांना अजून पटलेलं नाही, ते कुस्त्या कुठं होतात विचारतात), आणि त्या पारावर सध्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमचे जावई जीवनराव मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसलेले असतात. पुण्याच्या कंपनीचं काम वालूरच्या लिंबाखाली चाललं आहे. तिथं बसून तुमच्याशी काही बोलायचं म्हणजे अख्ख्या कंपनीसमोर बोलण्यासारखं. म्हणून कागद घेतला.

होय, जावई आणि मंजुषा इथंच आहेत. आल्याला बरेच दिवस झाले. साडूभाऊ, मी जिंकलो, आणि कसा जिंकलो ते सविस्तर ऐका.

लग्नाला दोन वर्षं झाली, पण लेक माहेरी आली असं मला म्हणता येत नव्हतं. ती यायची आणि लगेच जायची. कारण जीवनरावांची ती लाल स्पोर्ट गाडी. तुम्ही ती लग्नात पाहिली आहे. त्या गाडीत माणूस बसत नाही, विहिरीत उतरावं तसा उतरतो. फाट्यापासून आमच्या दारापर्यंत रस्ता म्हणजे काळ्या रानातल्या दोन चाकोऱ्या आणि मधे हातभर उंचवटा. त्या उंचवट्याला गाडीचं पोट टेकतं. म्हणून गाडी फाट्यावर बाभळीखाली उभी करायची, तिच्यावर चादर टाकायची आणि माझ्या मोटारसायकलवरून घरी यायचं. मग जीवनरावांचं अर्धं लक्ष ताटात आणि अर्धं फाट्यावर. शेळी चढली असेल का, पोरं काच वाजवत असतील का. (माणूस सोन्यासारखा आहे, पण त्या गाडीला सोडून तो कुठं राहू शकत नाही.) जेवण झालं की निघालेच. राजेश्री दरवेळी लेकीसाठी गादी झटकून ठेवायची आणि दरवेळी शेवटी डबा बांधून द्यायची. फाट्यावरून परत आल्यावर ती कुणाशी बोलायची नाही. मलाही त्या गादीकडं बघवायचं नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

त्यात यंदा आला अधिक महिना, म्हणजे जीवनरावांचा पहिला धोंडा. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. राजेश्रीनं पहिल्याच दिवशी आठवण करून दिली की मागच्या धोंड्याला ताडकळसच्या दाजींनी जावयाला अंगठी घातली होती. (ती त्यांच्या करंगळीलासुद्धा बसेना आणि ते खिशात टाकून घेऊन गेले, ही आठवण मी तिला करून दिली. राग मानू नका.) मी मंजुषाला फोनवर विचारलं की जीवनरावांना काय हवंय. ती म्हणाली, त्यांना दुसरं काही सुचत नाही, गाडीचे टायर गुळगुळीत झालेत आणि ते चार महिने झाले नवे निवडायलेत. रात्रंदिवस मोबाईलवर टायर बघतात. ओल्या रस्त्यावर कोणता धरतो, कोणता आवाज करत नाही, कोणता वळणावर चिकटून राहतो. अजून ठरत नाही.

चार महिने! साडूभाऊ, मी आणि तुम्ही पूर्ण्याच्या बाजारात बैलजोडी घ्यायला एवढा वेळ लावला नाही. मी तिथंच ठरवलं की टायर मी निवडणार, आणि असे निवडणार की गाडी दारात येईल.

मातोश्रींनी लगेच मोडता घातला. "आरं बजरंगा, वाण म्हणजी जाळीचं पाहिजे. अनारसं, बत्तासं. टायरला एकच भोक हाय." मी म्हणालो, भोक एकच आहे पण केवढं आहे बघ. त्यावर त्या म्हणाल्या की वाण तेहतीस असतं, तेहतीस टायर कुठून आणायलास? इथं मात्र मी गार पडलो. तेहतीस टायर म्हणजे ट्रकांचा ताफाच. शेवटी तोड राजेश्रीनं काढली. चार टायर आणि एकोणतीस अनारसे. मातोश्रींनी बोटांवर दोनदा मोजलं आणि मान हलवली. मला वाटतं आपल्या सोयऱ्यांत आजवर असं वाण कुणी दिलेलं नसेल.

मग परभणीला सुगतच्या टायरच्या दुकानात गेलो. सुगत म्हणजे ज्याच्याकडून माझ्या ट्रॅक्टरचे टायर येतात तो. मी त्याला सांगितलं की जावयाच्या गाडीला पाहिजेत, आणि मंजुषानं चाकाचा काढून पाठवलेला फोटो दाखवला. त्यानं चार प्रकार पुढं मांडले. पहिला इतका मऊ की अंगठा दाबला तर ठसा राहील. रस्ता घट्ट धरतो म्हणे, पण लवकर झिजतो. दुसरा टणक, पुष्कळ चालतो, पण पावसात घसरतो. तिसरा आवाज करत नाही. (आमच्या रस्त्यावर टायरचा आवाज येत नाही, बसणाऱ्याचा येतो.) चौथा त्यानं स्वतःच परत आत ठेवला. सगळ्यांचा काठ चार बोटं. मी प्रत्येकावर हात फिरवला, वास घेतला, बाजारात जनावराचे खूर बघतात तशा नक्षीच्या खाचा बघितल्या. खाचा कसल्या, मेंदीची नक्षी होती ती. आपल्या काळ्या मातीनं त्या पहिल्या चिखलात भरून टाकल्या असत्या आणि गाडी पोळीसारखी घसरत फिरली असती.

तेवढ्यात माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथं चार टायर उभे होते. उंच, रुंद, बोट बुडेल एवढ्या खाचा, काठ वीतभर. बघताक्षणी मला आपला वारलेला ढवळ्या बैल आठवला. मी म्हणालो, हे बांध. सुगत म्हणाला, "काका, ही जीपची टायरं हायत. खालून चालणाऱ्या गाडीला न्हाई जमायची. गाडी घेऊन या, लावून बघू." मी विचारलं की मधल्या भोकाचं माप एकच आहे का? तो म्हणाला, रिमचं माप एकच आहे, पण. मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. मी म्हणालो, बाबा, मला ती गाडी पळवायची नाही, मला ती दारात आणायची आहे. त्यानं चारही टायर टेम्पोत टाकले. बहुतेक त्यालाही लेक असावी.

धोंड्याच्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणं झालं. आदल्या दिवशी वळवाची जोरदार सर आली होती, म्हणजे चाकोऱ्यांत चिखल आणि परीक्षा खरी. जीवनरावांनी गाडी फाट्यावर ठेवली, चादर टाकली, चादरीला दोन दगड लावले. राजेश्रीनं त्यांना सात धोंडे वाढले आणि आठव्याला आईची शपथ घातली. पंख्याखाली ते असे झोपले की मंजुषानं खिशातून किल्ली काढली तरी कूस बदलली नाही. फाट्यावर रंगनाथ जीपवाला आणि त्याचं पंक्चरचं दुकान तयारच होतं. चाकं उतरली, टायर बदलले, चाकं चढली. रंगनाथ मागं सरकून बघत म्हणाला, "दाजी, लय उंच व्हायलंय हो." मी म्हणालो, तेच तर पाहिजे.

आणि साडूभाऊ, मी आत उतरलो (आता चढलो म्हणायला हरकत नाही), गाडी चाकोरीत घातली. एकदा चाकं चाकोरीत बसली की स्टेअरिंगला काही काम नसतं हे तुम्हाला माहीत आहे. रस्ता नाकासमोर सरळ. पोट कुठं टेकलं नाही, चाक कुठं फसलं नाही. चिखल दोन्ही बाजूंनी उडत होता आणि बांधावरच्या बाया हातातलं काम टाकून बघत होत्या. मी हॉर्न वाजवत, गोठ्याच्या तोंडापाशी, थेट दारात गाडी उभी केली. मातोश्री पंचारती घेऊन आल्या आणि गाडीला ओवाळलं. कुंकू लाल पत्र्यावर दिसेना म्हणून हळद लावली.

हॉर्ननं जीवनराव उठून बाहेर आले. डोळे चोळून गाडीकडं बघितलं. आपली गाडी गुडघ्याइतकी उंच होऊन सासऱ्याच्या दारात उभी आहे, हे पचायला माणसाला वेळ लागतो. गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली. मग एका टायरवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "मामा, हे तुम्ही निवडले?" (ते मूळचे सांगलीचे, तिकडं सासऱ्याला मामा म्हणतात.) मी होय म्हणालो. माझ्या लेकीनं तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. आनंदानंच असणार.

त्या रात्री ती झटकलेली गादी दोन वर्षांत पहिल्यांदा वापरली गेली. तेव्हापासून दोघं इथंच आहेत. मंजुषा सकाळी आजीचे पाय चेपते, दुपारी आईशी भांडते, संध्याकाळी माझ्याबरोबर विहिरीच्या मोटारीवर पाणी सोडायला येते. जीवनरावांना गाडी डोळ्यासमोर दिसते, त्यामुळे जेवतात ते पूर्ण लक्ष देऊन. अंगठीनं हे झालं असतं का, तुम्हीच सांगा. टायर निवडायला नजर लागते एवढंच म्हणतो आणि पत्र संपवतो. अक्कांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला विजयी साडू,
बजरंग

ता. क. एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. गाडी वळत नाही. दुसऱ्या दिवशी जीवनराव पुण्याला निघाले आणि स्टेअरिंग फिरवलं, तर टायर आतल्या पत्र्याला जाऊन अडकला. सरळ मात्र अप्रतिम जाते, पण सरळ समोर गोठा आहे. मागं मागं घेत फाट्यापर्यंत नेता येईल, पण पुण्याला जायला फाट्यावर वळावंच लागतं. जुने टायर परत चढवू म्हणाले, तर ते मी आदल्या संध्याकाळीच कापून वासरांना पाण्याची चार टोपली केली होती. वासरांना आवडली आहेत. आणि गाडी सोडून जीवनराव जात नाहीत, हे मी वर लिहिलंच आहे.

ता. क. दुसरं, आणि पत्र खरं याच्यासाठी. जीवनरावांनी शेवटी त्यांच्या पसंतीचे टायर पारावर बसून मागवले. वालूरला ट्रान्सपोर्टची गाडी येत नाही, म्हणून मी तुमच्या दुकानाचा पत्ता दिला. ट्रान्सपोर्ट ताडकळसलाच सोयीचं पडतं, असं त्यांना सांगितलं. (वाटेत परभणी लागते आणि माल तिथंच उतरवता आला असता, हे सांगलीच्या माणसाला कुठून माहीत असणार.) तुमच्याकडे काळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले चार गोल नग येऊन पडले असतील, तेच ते. जीवनरावांचा फोन आला तर अजून आले नाहीत म्हणून सांगा. खोटं नको वाटत असेल तर युरियाच्या थप्पीमागं ढकला आणि मग दिसत नाहीत म्हणा. साडूभाऊ, अजून थोडे दिवस. राजेश्रीचं गाणं आता कुठं एका चालीत यायलंय. पाकीट भाताच्या शितांनी घट्ट चिकटवून जीवनरावांच्याच हाती टपालात टाकायला देतो आहे, म्हणजे कुणाला संशय यायला नको.

ता. क. दिनकरकाका, नमस्कार. मी जीवन. शितं ओली होती, पाकीट हातातच उघडलं. टायर तुमच्याकडे पोचल्याचा मेसेज मला सोमवारीच आला आहे, आणि परभणी वाटेत लागते हे मागवतानाच नकाशात दिसलं होतं. मामांना यातलं काही कळू देऊ नका, ते फार खुशीत आहेत. टायर फक्त उन्हात ठेवू नका, रबर कडक होतं. युरियाच्या मागची जागा चांगली आहे.