मीठ न चुकणारी पंगत

आई, आज संध्याकाळी मला एका गेमबद्दल लिहून द्यायचंय आणि सकाळपासून नुसती खुर्चीवर चुळबुळ चाललीय. गेम म्हणजे काय, हे आधी तुला सांगायला हवं. लिंबागणेशच्या जत्रेत तू मला हातात मावणारं एक खेळणं घेऊन दिलं होतंस. वरून विटा पडायच्या आणि आपण त्या रचत जायच्या. त्याचंच हे पुढचं खानदान. आता मी त्याच्यावरच पोट भरते. एखादा एकटा माणूस किंवा दोनचार मित्र मिळून जे छोटे गेम बनवतात ते माझ्याकडे येतात, कुठला टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर, कुठला हातात धरायच्या कन्सोलवर, कुठला साध्या फोनवर. कोडी, मारामारी, भुतंखेतं, शेती, सगळं खेळते आणि काय जमलंय, काय फसलंय ते मराठीत लिहिते. गेवराईतल्या या खोलीत, खालून हायवेचे ट्रक जात असताना. थोडक्यात काय, लोकांनी जीव ओतून केलेल्या गोष्टींना नावं ठेवायचे मला पैसे मिळतात. तू असतीस तर हसली असतीस की चिडली असतीस, हे मला अजून ठरवता येत नाही.

आजचा गेम शेजारच्या काकूंच्या मुलीचा आहे. परकर घालून 'मावशी, मावशी' करत तुझ्या मागेमागे फिरायची तीच. पुण्यातली नोकरी सोडून ती गावी येऊन बसली आणि घरातल्या मागच्या खोलीत एकटीने हा गेम बनवला. आज संध्याकाळी तो बाजारात येतोय. गेमला पैसे लावणाऱ्या एका कंपनीने तिला सांगितलंय की पहिली परीक्षणं कशी येतात ते बघू आणि मग पुढच्या गेमचं बोलू. नाही म्हणाले तर तिला पुन्हा पुण्याची वाट धरावी लागेल, आणि काकूंना आता एकटं ठेवता येत नाही. मराठीत अशा गेमवर लिहिणारी मी जवळपास एकटीच, त्यामुळे माझं लिहिणं तिथे पाहिलं जाणार. आणि त्या गेममध्ये तू आहेस.

नाव दिलेलं नाही, पण तूच. पदर खोचलेला, डोळे धुराने लाल, हातात तो लांब दांड्याचा झारा. तू देवळात करायचीस तसा भंडाऱ्याचा स्वयंपाक करायचा, चुलवणातला जाळ मागेपुढे करायचा, आमटी ढवळायची, वाफेच्या रंगावरून काय कमी आहे ते ओळखायचं. चाखायचं बटणच नाही. नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचं नाही म्हणजे नाही. असा खेळ मी आजवर कुठल्याच कन्सोलवर पाहिलेला नाही. मग मी मीठ जास्त टाकलं. पंगत जेवली आणि म्हणाली, लई भारी. मी तिप्पट टाकलं. लई भारी. मुळीच टाकलं नाही, तरी लई भारी. मला वाटलं काहीतरी बिघडलंय, म्हणून दुसऱ्या कन्सोलवर लावून बघितलं. तिथेही माणसं भुरके मारून तुझं कौतुक करतायत. मला राग आला, आई. कारण ती खरी पंगत मी पाहिली आहे.

चतुर्थीचा भंडारा. मी पत्रावळीसमोर मांडी घालून बसले आहे, तू वाढते आहेस, आणि ओळीतली सगळी माणसं खाली माना घालून आमटी गिळतायत. प्रसादाला नावं ठेवायची नसतात, म्हणून कुणी हूं की चूं करत नाही. नुसते पाण्याचे तांबे रिकामे होतायत. माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं. मी मोठ्याने म्हणते, "आई, आमटी लई खारट हाय." ओळीतल्या माना वर होतात. तू भांडं उचलतेस आणि आत जातेस. दुसऱ्या पंगतीच्या आत तू त्यात आणखी डाळ शिजवून घातलीस, मीठ ओढून घ्यायला कणकेचे गोळे सोडलेस, आणि मग मला चुलवणामागे नेऊन दंडाला असा चिमटा काढलास की दोन दिवस वळ होता. "पंगतीत कावून बोललीस? मला येऊन कानात सांगाया काय झालतं?" मी म्हणाले, खारट होती म्हणून. तू म्हणालीस, "खारट व्हती, ते मला कळलं असतंच. पण आता समद्या गावाला कळलं." पुढच्या वर्षी भंडाऱ्याला दुसरीच बाई बोलावली. तू त्या दिवशी घरी तांदूळ निवडत बसली होतीस, आणि देवळाच्या बाजूने धूर दिसला तसं तू दार लोटून घेतलंस. मला त्या दाराचा आवाज अजून ऐकू येतो.

दुपारी मी पोरीला फोन केला. या वेळी आधी कानात सांगू, असं ठरवून.

"ताई, खेळलीस का?" तिचा श्वास वर चढलेला.

"खेळले. चूल एक नंबर. वाफेवरनं ओळखायचं, तेबी लई आवडलं. पण मीठ कितीबी टाकलं तरी लोक वा वाच करतेत. राहून गेलं का ते?"

 ती म्हणाली, "राहून न्हाई गेलं. मी काढलंय."

"कावून?"

"त्या भंडाऱ्याला मावशीच्या हाताखाली आमची आई व्हती. मिठाची दुसरी मूठ तिनं टाकलती, ताई. मावशी पोळ्यांकडं गेलत्या. आईला वाटलं, मीठ राहिलंय. चाखायचं तर न्हाई, मग टाकलं अंदाजानं. आईनं नंतर तुमच्या घरी येऊन मावशीच्या पाया पडून सांगितलं. मावशी म्हणल्या, माझ्याच हातानं पडलं समज आन् गप ऱ्हा." पुढे म्हणाली, "आई रोज माझ्या पाठीमागं बसून हा गेम बघती. तिच्यासमोर मी ती आमटी परत खारट करू?"

 मी म्हणाले, "मग मी काय लिहू?"

"बाकी काय बी लिही. मिठाचं नको लिहू."

"ते लिहावंच लागंल गं."

"मग लिही," ती म्हणाली. "पण मावशी असत्या तर त्यांनी तुला लिहू दिलं नसतं." आणि फोन ठेवला.

 खरं सांगते, पहिला राग तुझाच आला. सगळ्या गावाने तुझ्या हाताची चव गेली म्हटलं आणि तू ऐकून घेतलंस. मलासुद्धा सांगितलं नाहीस. मी इतकी वर्षं समजत होते की माझ्या एका वाक्याने तुझं चुलवण गेलं, आणि तू ते तसंच राहू दिलंस. काकूंना वाचवायला तू दोष स्वतःवर घेतलास, इथवर ठीक. त्या दोषात मीही ओढली गेले, हे तुला दिसलं होतं का? विचारायला आता कोण आहे. हे पत्रही मी कुठल्या पेटीत टाकणार नाही, संगणकावरच राहील.

ऊन खिडकीतून उतरलं तेव्हा हे पत्र अर्धवट ठेवून मी परीक्षण लिहून टाकलं. गेम चांगला आहे, जरूर खेळा, हे आधी लिहिलं. मग लिहिलं की या पंगतीत मीठ चुकूच शकत नाही, म्हणून ते बरोबर पडल्याचा आनंदही मिळत नाही, आणि न चाखता रांधणाऱ्या बाईची छाती किती धडधडत असेल हे खेळणाऱ्याला कधीच कळत नाही. काकूंचं नाव नाही, तुझं नाही. मग पाठवायचं बटण दाबलं. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला, "वाचलं." तेवढंच. मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, खोडलं. कंपनीचं काय ते अजून कळलेलं नाही. फोन मी उलटा करून ठेवलाय आणि दर घडीला सुलटा करून बघतेय.

एक चूक मात्र मी लिहिली नाही, आई. गेमच्या शेवटी तू हात धुतेस, पदर सोडतेस आणि पहिल्याच पंगतीत पत्रावळीसमोर बसून गरम गरम जेवतेस. भंडाऱ्याला रांधणारी बाई कधी पहिल्या पंगतीला बसते का, आपल्याकडचं कुणीही हसेल. तुला मी आयुष्यात एकदाही बसून गरम खाताना पाहिलेलं नाही. असली धडधडीत खोटी गोष्ट दुसऱ्या कुणाच्या गेममध्ये असती तर मी तिची सालटी काढली असती. इथे गाळली, आणि परीक्षण पाठवून झाल्यावर नुसतं तेवढं बघायला गेम परत लावला. लिहिली असती, तर त्या पोरीने ती सुधारली असती.