सिमेंटमधले हात

विल्मा,

आज सकाळी, जिथं सिनेनट्यांच्या हातांचे ठसे कायमचे जपतात त्या थिएटरच्या अंगणात, ओल्या सिमेंटमध्ये, तुझ्या नावाखाली दुसऱ्याच पोरीनं पंजे उमटवले, आणि माझं मन तिथंच विटलं. "धोबिणीचे हात कायमचे ठेवायचे काय?" स्टुडिओचा प्रसिद्धीवाला खिदळला. तूही हसलीस! लॉन्ड्रीत काम करताना भाजलेल्या तुझ्या त्याच रुंद हातांसाठी मी कॉलेज सोडून तुझ्यामागे हॉलिवूडला आलो होतो.

"नाही म्हण, आत्ता गावी परत जाऊ," मी म्हणालो.

"वेडा आहेस का? शंभर वर्षं लोक या ठशांत हात ठेवून माझी आठवण काढतील."

"तुझी? त्या पोरीची!"

तू हातमोजे चढवलेस. शिसारी आली मला.

तुझ्याच दिवाणखान्यात बसून हे लिहिलंय. तुला देणार नाही. कागद खिशात घालतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.

आता तुझा नसलेला,
एम्मेट